जीपच्या ब्रेकमध्ये काय घालावे?

(घाटाखालच्या गावी, रात्रीच्या वर्गात जीप चालवणाऱ्यांपुढे केलेले भाषण)



आज फळ्यावर धडा लिहिलेला नाही. टेबलावर दोन डबे आहेत, पाण्याने भरलेले दोन काचेचे पेले आहेत, आणि त्या कागदावर दोन काळी रबरे ठेवली आहेत. रबरांची गोष्ट मागाहून सांगू. आधी डबे बघा.

तुमच्यापैकी पुष्कळ जण वडापची जीप चालवता. कोणी खताच्या गोण्या शेतावर नेता, कोणी मांडवाचे सामान वाडीवर पोचवता. तुमची गाडी डांबरावर कमी आणि ओढे, चिखल, दगडगोटे यांतूनच जास्त चालते. अशा वाटेने गाडी न्यायची तर टायर कसे हवेत, गिअर कोणता हवा, हे तुम्हीच आम्हांला शिकवाल. आम्ही एवढेच विचारतो : त्या गाडीच्या ब्रेकमध्ये काय घालता?

“ब्रेक ऑइल, दुसरं काय!”

बरोबर. दुकानदार तेच म्हणतो, मिस्त्री तेच म्हणतो. आम्हीही तेच म्हणत होतो. सगळा घोटाळा या नावात आहे. ऑइल म्हणजे तेल. आणि ब्रेकमध्ये जे असते ते तेल नव्हे.

खोटे वाटते? मग हे पाहा. या पेल्यात आम्ही इंजिन ऑइलचे चार थेंब टाकले. काय झाले? तरंगले. चमच्याने ढवळले तरी पुन्हा वर येऊन बसले. तेल आणि पाणी एक होत नाही, हे घरातल्या बाईमाणसाला सांगायला नको. आता दुसऱ्या पेल्यात ब्रेकच्या डब्यातले चार थेंब टाकतो. ढवळतो. कुठे गेले? विरघळले. पाण्यात साखर जावी तसे गेले. मग याला तेल कसे म्हणावे? (हे पेले आता कोणी धुऊन चहाला घेऊ नका हो. हे द्रव विषारी आहेत. भाषण संपले की आम्ही पेलेच फेकून देणार आहोत.)

आता ही गोष्ट ब्रेकच्या कामाला कशी येते, ते सांगतो.

तुम्ही पायाने पॅडल दाबता. पॅडल मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे ढकलते. दट्ट्यापुढे हा द्रव असतो. तो नळ्यांतून चारही चाकांपर्यंत भरलेला असतो. डॉक्टरच्या पिचकारीसारखेच समजा. इकडे दाबले की तिकडे चाकातले छोटे दट्टे बाहेर सरकतात आणि ब्रेकचे शू ड्रमला, किंवा पॅड डिस्कला घासतात. द्रव दाबून आकसत नाही, म्हणून तुमच्या पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत जातो. नळीत हवा किंवा वाफ शिरली तर ती मात्र दबते. मग पाय खाली जातो आणि चाकाला काहीच कळत नाही.

हा द्रव दट्ट्याच्या कडेने गळू नये म्हणून प्रत्येक दट्ट्याला रबर असते. मिस्त्री त्याला वॉशर म्हणतो, कोणी कप म्हणतो. हे रबर ठरावीक जातीचे असते. ब्रेकच्या द्रवात ते वर्षानुवर्षे टिकते. पण इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिझेल, रॉकेल, पॉवर स्टिअरिंगचे तेल, यांतले काहीही त्याला लागले की ते पिऊन रबर फुगते. आता ती दोन रबरे हातोहात फिरवा. दोन्ही एकाच मापाची होती. एक नवे आहे. दुसरे आमच्या जीपमधून निघालेले आहे. भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखे झाले आहे की नाही? बोटाने दाबा, लिबलिबीत लागेल.

ही आमच्या जीपची गोष्ट सांगायला आम्हांला आनंद वाटत नाही. पण ती लपवून ठेवली तर आजच्या भाषणाला अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वीचा पावसाळा. आमच्या संस्थेची एक जुनी जीप होती. तीत बसून आम्ही डोंगरातल्या वाड्यांवर वर्ग घ्यायला जात असू. गाडी चालवायला जे होते त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. मामांचा हात गाडीवर असा, की चिखलात रुतलेली जीप ते नुसत्या बोलण्याने बाहेर काढतात, असे मुले म्हणत. मामा स्वतः आमच्याच वर्गात बसत. त्यांची मुळाक्षरे झाली होती, जोडाक्षरे चालू होती. इंग्रजी अक्षरे अजून यायची होती.

एके सकाळी मामा म्हणाले, “ब्रेक खाली लागतोय. ऑइल कमी झालंय.” आमचा निघण्याचा घोळ चालला होता. पाट्या मोजा, पुस्तके बांधा, खडू कुठे गेले. मामा फळीवरून एक अर्धा डबा घेऊन दारात आले. “गुरुजी, हेच का ते?” त्यांनी विचारले.

आम्ही म्हटले, “हो, ऑइलच की ते. घाला.”

मान वर करून डब्याकडे पाहिलेसुद्धा नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत इंजिन ऑइल असे लिहिलेले होते. ज्याला वाचता येत नव्हते त्याने विचारले, आणि ज्यांना येत होते त्यांनी वाचले नाही.

पहिल्या दिवशी काही झाले नाही. उलट पॅडल वर आले. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशीही ठीक. लक्षात ठेवा, चुकीचे तेल घातले की गाडी लगेच बिघडत नाही. घालणाऱ्याला वाटते, चालले की! आत मात्र रबर पीतच असते. तिसऱ्या दिवशी महाबळेश्वरकडून पोलादपूरला उतरताना आंबेनळी घाटात जीप जड जाऊ लागली. ब्रेक सोडला तरी चाके सुटेनात. फुगलेल्या रबराने मास्टर सिलिंडरमधले परतीचे बारीक भोक बंद केले होते, म्हणजे गेलेला दाब मागे येईना. शू ड्रमला घासतच राहिले. जळका वास येऊ लागला. मामा म्हणाले, “पुढं वळणावर थांबू.” पण थांबायचे ते वळण आले तेव्हा पॅडल पायाखाली तळाला गेले. तापून तापून आतला द्रव उकळला होता. आधी ब्रेक सुटत नव्हता, आता लागेना.

जीपमध्ये आम्ही नऊ माणसे होतो, त्यांत एक बाई लेकराला घेऊन बसलेल्या. मामांनी गिअर खाली आणला, हॅण्डब्रेक ओढला आणि गाडी दरीच्या बाजूने काढून डोंगराच्या कडेला घासत नेली. गाडी गटारात कलंडून थांबली. त्या बाईंचे मनगट मोडले. लेकराला काही झाले नाही. दुसरी बाजू कशी होती ते तुम्ही त्या वाटेने जाता, तुम्हांला ठाऊक आहे.

मिस्त्रीने नंतर गाडी खोलली. मास्टर सिलिंडरचे रबर, चारही चाकांतली रबरे, लवचीक होज, सगळे काढून टाकावे लागले. नळ्या आतून धुवाव्या लागल्या. नुसते ऑइल काढून नवे घालून भागत नाही, कारण एकदा फुगलेले रबर पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. मामा आम्हांला एक शब्दही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मात्र ते कोणताही डबा आमच्यापुढे धरून स्वतःच अक्षर अक्षर लावीत, आणि आम्ही ऐकत उभे राहत असू.

असो. आता वाचायचे काय, ते बघू.

हा ब्रेकचा डबा घ्या. त्यावर तीन इंग्रजी अक्षरे आहेत. पहिले अक्षर म्हणजे उभी दांडी आणि तिच्या उजव्या अंगाला फुगीर बाक. ताणलेले धनुष्य उभे केल्यासारखे. दुसरे भाकरीसारखे गोल. तिसरे म्हणजे उभा खांब आणि त्याच्या डोक्यावर आडवी फळी. डी, ओ, टी. वाचले की होते डॉट. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नावाची ही आद्याक्षरे आहेत. त्या खात्याने ठरवलेल्या प्रती आपल्याकडच्या डब्यांवरही छापतात. डॉटच्या पुढे एक आकडा असतो. आकडे तुम्हांला नंबरप्लेटवरून येतातच.

आता तुमच्या जीपचे बॉनेट उघडून ब्रेकच्या टाकीचे झाकण बघा. बहुतेक झाकणांवर हीच अक्षरे आणि हाच आकडा असतो. बऱ्याच झाकणांवर आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : झाकण काढण्याआधी ते पुसा, आणि सीलबंद डब्यातलेच द्रव घाला. झाकणावरचा आकडा आणि डब्यावरचा आकडा जुळला की निवड झाली. एवढे सोपे आहे. पण दुकानात हवा तो डबा नसतो, तेव्हा पंचाईत होते. म्हणून आकड्यांचा अर्थ थोडा कळला पाहिजे.

डॉट ३ म्हणजे असे द्रव, जे नवे असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये. डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत. पाणी १०० अंशांवर उकळते, आणि पुऱ्या तळताना कढईतले तेल साधारण १८० अंशांवर असते, यावरून अंदाज करा. भरल्या जीपने घाट उतरताना ब्रेकचे ड्रम त्या कढईहून तापू शकतात.

डॉट ३ आणि डॉट ४ एकाच कुळातले आहेत. एकमेकांत मिसळतात. झाकणावर डॉट ३ असेल आणि दुकानात डॉट ४ मिळाले, तर आजच्या गाड्यांत ते चालते. उलटे मात्र करू नये. झाकण डॉट ४ म्हणत असताना डॉट ३ घातले, तर रबराचे काही बिघडणार नाही, पण उकळण्याची मर्यादा खाली येईल. आणि ती खाली आल्याचे सपाट रस्त्यावर कळतच नाही.

आता जिथे चांगले वाचणारेही चुकतात तिथे येऊ. डॉट ५ असे एक द्रव आहे आणि डॉट ५.१ असे दुसरे. मध्ये एक टिंब आणि एक आकडा, एवढाच फरक. पण तुम्हांला आम्ही शिकवले आहे ना, एका अनुस्वाराने शब्द बदलतो? तसेच हे. डॉट ५.१ हे ३ आणि ४ यांच्याच कुळातले, त्यांत मिसळणारे. उकळण्याची मर्यादा निदान २६० अंश. डॉट ५ हे मात्र सिलिकोनचे. त्याची मर्यादाही २६० अंश, पण कूळ निराळे. ते इतरांत मिसळत नाही आणि पाण्यातही विरघळत नाही. आकडा मोठा म्हणून माल भारी, असे समजून कोणी ते आपल्या गाडीत ओतले तर आत दोन द्रव वेगवेगळे राहतात, आणि पॅडलचा भरवसा जातो.

मग डॉट ५ वाईट का? तसे नाही. अमेरिकेच्या सैन्याने १९८० नंतरच्या दशकात आपल्या गाड्यांत सिलिकोनचे द्रव घेतले. सैन्याच्या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात, आणि हे द्रव हवेतला ओलावा ओढत नाही, रंगही खात नाही. कोणी हौशी माणूस जुनी जीप नव्यासारखी करतो, सगळी ब्रेकची यंत्रणा धुऊन कोरडी करतो, रबरे बदलतो आणि मग पहिल्यापासून हेच भरतो. त्याचे त्याला लखलाभ. रोज ओढ्यातून जाणाऱ्या गाडीत एक अडचण उरते : आत शिरलेले पाणी त्यात विरघळत नाही, ते खाली जाऊन एका जागी साठते, लोखंडाला गंज आणते आणि १०० अंशांवर उकळते. शिवाय ज्या गाडीला एबीएस आहे तिला सिलिकोन मानवत नाही. तुमच्या झाकणावर ५ लिहिलेले नसेल, तर त्या डब्याला हात लावू नका.

रंगावरून ओळखू, असे कोणी म्हणेल. सिलिकोनचे द्रव जांभळे करतात, बाकीची पाण्यासारखी किंवा मधाच्या रंगाची असतात, हे खरे. पण मध फिकट की गडद, आणि इंजिनचे नवे ऑइलही मधासारखेच दिसते, त्याचे काय? आम्ही तर म्हणतो, रंगावर जाऊ नका, अक्षरावर जा.

कोणी वडीलधारे म्हणतील, “आमच्या वेळी ब्रेकमध्ये एरंडेल असायचं.” तेही खोटे नाही. फार पूर्वी एरंडेल आणि अल्कोहोल मिळून ब्रेकचे द्रव करीत. पण ते दिवस गेले. घरातले गोडेतेल, एरंडेल यांतले काही आजच्या गाडीत घालायचे नाही.

आता त्या दुसऱ्या पेल्याकडे पुन्हा बघा. ब्रेकचा द्रव पाण्यात विरघळला, तसेच पाणीही त्यात विरघळते. तो हवेतला ओलावा ओढून घेतो. पावसाळ्यात मीठ ओले होते ना, तसा. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते, होजच्या रबरातूनही ओल शिरते. शंभर भागांत साडेतीन-चार भाग पाणी झाले की डॉट ३ ची मर्यादा २०५ वरून १४० पर्यंत उतरू शकते, डॉट ४ ची २३० वरून १५५ पर्यंत. म्हणजे दोन वर्षांपूर्वी उत्तम डॉट ४ भरले असले, तरी आज तुमच्या गाडीत नव्या डॉट ३ पेक्षा हलके द्रव असू शकते. आकडा बरोबर, माल शिळा. म्हणून पुष्कळ कंपन्या दोन वर्षांनी सगळे द्रव बदलायला सांगतात. कोकणातल्या हवेत आणि ओढ्यातून जाणाऱ्या गाडीत तेवढीसुद्धा वाट पाहू नये, असे आमचे मत आहे.

जुन्या जीपवाल्यांनी आणखी जपावे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलिस जीपची जुळणी होऊ लागली. त्या घडणीच्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर बॉनेटखाली नसतो, तो चालवणाऱ्याच्या पायाखाली, फरशीच्या पत्र्याखाली असतो. ओढ्यात गाडी घातली की तो पाण्यात बुडतो. पत्रा उचलला की सगळा चिखल त्या तोंडाशी. झाकण पुसल्याशिवाय उघडले तर एक चमचा मातीही आत गेलीच म्हणून समजा. आणि जुन्या गाडीच्या झाकणावर काही लिहिलेले नसेल, किंवा झाकण दुसऱ्याच गाडीचे बसवलेले असेल, तर त्याच्यावर विसंबू नका. गाडीचे पुस्तक पाहा; नाही तर ज्याने ती रबरे बसवली त्या मिस्त्रीला विचारा, त्याच्या किटच्या खोक्यावर लिहिलेले असते.

विकत घेताना लहान डबा घ्या. उघडून ठेवलेला मोठा डबा फळीवर ओल पीत बसतो. कोणी कॅनमधून सुटे काढून देत असेल तर घेऊ नका. गाडीतून काढलेले परत घालू नका. आणि एक पाया पडून सांगणे : उरलेले पाण्याच्या बाटलीत भरून सीटखाली ठेवू नका. तहानलेले पोर बाटलीचा रंग बघत नाही. बॉनेटवर सांडले तर लगेच भरपूर पाणी ओता, नाही तर रंग सोलून निघेल.

आणखी एक. टाकीतले द्रव खाली गेले म्हणजे नुसते वरून भरायचे नसते. ते गेले कुठे? चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसते का बघा. गळत नसेल तर ब्रेकचे पॅड झिजलेले असतील. ज्या गाडीचा क्लच द्रवावर चालतो तिथेही बहुधा हाच डबा लागतो, पण तिथलेही झाकण वाचूनच.

“रानात द्रव संपलं आणि डबाच नसला तर?” हा प्रश्न मागच्या खेपेला एकाने विचारला होता. काही जण साबणाचे पाणी घालतात म्हणे. शेतातून शंभर पावले गाडी सरकवायला ते ठीक असेल, पण ते घालून घाट उतरायचा नाही. माणसे उतरवा, चाकांना दगड लावा आणि कोणाला तरी डबा आणायला पाठवा. भाडे बुडेल. बुडू द्या.

प्रवासी आणि माल वाहणाऱ्या गाडीच्या लायसनला पूर्वी आठवी पास लागत असे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती अट काढून टाकली. आम्हांला ते पटले. मामांसारखा चालवणारा आठवीच्या दाखल्यावाचून का अडावा? पण त्यामुळे हे तीन अक्षरांचे काम आता आमच्या वर्गावर आले आहे.

अजून बाहेर उजेड आहे. आवारात सहा जीपा उभ्या दिसतात. बॉनेट उघडून ठेवा. दादा, तुमची ती जुनी, तिचा पत्रा उचलायला पाना लागेल. प्रत्येकाने आपल्या नव्हे, शेजाऱ्याच्या गाडीचे झाकण वाचायचे आणि पाटीवर लिहून आणायचे. फडके घ्या. आधी पुसा, मग वाचा. उघडू मात्र नका.